मारोतीच्या पाठीमागे वेदनेत्र हात : मोडीतल्या चार ओळी लागत नाहीत, मदत पाहिजे

पूर्णाकाठचा | ११ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे कळेलच.

मागच्या महिन्यात आमचं धाब्याचं घर उतरवायला काढलं. देवघराच्या कोनाड्यात पणजोबांची पोथी होती. तिच्या दोन लाकडी फळ्यांच्या मधात एक घडी घातलेला कागद निघाला. मोडी. अमरावतीला एका निवृत्त गुरुजींनी वाचून दिला, पण बजावलं की, "अक्षरं माझी खात्रीची, शब्द कुठं तोडायचे ते तुम्ही पाहा. मोडीत लिहिणारा शब्दांमधे जागा सोडत नाही." तर जसं आहे तसं देतो :

मारोतीचेपाठीसीराहावेउगवतेवेदनेत्रहातजावे
सावलीपाईयेतापाहावेपांढरीचेपोटी
पिवळीनिजलीचौघीबहिणीतोंडेलिंपिलीतुराटीदेउनी
नागउसासेटाकीआतुनीदिवाविझेतोफिरावे

खाली "सन १३०९" आणि त्याच्यापुढे एक खूण, तिथं कागद फाटला आहे.

पणजोबा गावचे पटवारी होते. घरात सोनंनाणं असल्याची गोष्ट कोणी कधी सांगितली नाही. तरी मोठेबाबांनी (म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ) 'पिवळी' हा शब्द ऐकला अन् त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. तीन दिवसांत गावभर झालं. काल दोघं जण मोटरसायकलवर येऊन विचारून गेले, घरात कोणी पायाळू (पायाकडून जन्मलेला; त्याला गुप्तधन दिसतं म्हणतात) आहे का म्हणून.

मी माझ्या बुद्धीनं वेद ४, नेत्र २ असं धरून देवळाच्या मागून ४२ हात पूर्वेला टेप लावला. बरोबर शेजारच्या काकाच्या संडासाच्या शोषखड्ड्यावर आलो. काका म्हणे, "घे खणून, मले तर नवाच भेटन."

कोलंबस_अकोल्याचा | ११ मे, रात्री १०.०५

जबरदस्त! सन १३०९ शके म्हणजे यादवांचा खजिना. चौघी बहिणी म्हणजे चार हंडे. 'टाकी' म्हणजे किल्ल्यावर असते तशी पाण्याची टाकी, आणि नाग राखणीला. सरळ आहे.

बोरू | ११ मे, रात्री १०.३०

शके १३०९ मध्ये ७८ मिळवा, १३८७ येतात. तोवर यादव जाऊन सत्तर वर्षं होऊन बहमनी राज्य आलं होतं. आणि कागद पटवाऱ्याचा आहे हो. वऱ्हाडातला पटवारी शके पंचांगात बघे, वसुलीच्या कागदावर फसली लिही. ती फाटलेली खूण मला 'फ॥' असावी असं वाटतं, जसं कसब्याला 'क॥' लिहीत तसं. फसलीत ५९० मिळवले की १८९९ येतं. फसली साल मृगाच्या सुमारास सुरू होतं, म्हणजे जून १८९९ ते १९०० चा पूर्वार्ध.

'टाकी' ही टाकी नाही, क्रियापद आहे. "नाग उसासे टाकी आतुनी." 'आतुनी', 'देउनी', 'बहिणी' अशी यमकं जुळवत गेला आहे, नुसतं वाचलं तरी कानाला लागतं.

कोलंबस_अकोल्याचा | ११ मे, रात्री १०.४१

बरं, यादव नाही तर नाही. १८०३ साली गाविलगड इंग्रजांनी घेतला तेव्हा भोसल्यांचा खजिना खाली पूर्णेच्या गावांत वाटला गेला असं आमच्याकडं सगळेच म्हणतात. मालगुजारांकडे ठेवला असणार.

बोरू | ११ मे, रात्री १०.५२

मालगुजार नागपूर-भंडाऱ्याकडं. वऱ्हाडात रयतवारी, इथं पाटील-पटवारी अन् देशमुख-देशपांडे. झोपा आता.

सावजी_रस्सा | ११ मे, रात्री ११.१५

खुर्ची टाकून बसलो आहे. येऊ द्या.

खगोल_खुळा | १२ मे, सकाळी ७.२०

"सावली पाई येता" याच्याकडं कोणी बघितलंच नाही. हा शून्य सावलीचा दिवस आहे. दर्यापूरच्या अक्षांशावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो २४-२५ मेच्या सुमारास आणि परत जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. जुलैत ढग, म्हणून मे. त्या दिवशी सावली खरंच पायाखाली जाते, आणि तेही घड्याळात बारा वाजता नाही, सव्वाबाराच्या पुढे.

दुसरं, 'उगवते' म्हणजे होकायंत्रातली पूर्व कशावरून? उगवतीची जागा वर्षभर सरकते. आपल्याकडं खऱ्या पूर्वेपासून उत्तरेला साधारण २५ अंश, दक्षिणेला तितकीच. ३६ फुटांवर एवढ्या कोनानं पंधराएक फुटांचा फरक पडतो. मे अखेरीला सूर्य बराच उत्तरेला सरकून उगवतो. तेव्हा धागाकर्त्यांनी २४ तारखेपर्यंत थांबावं.

नवरगावची_सून | १२ मे, सकाळी ८.०२

३६ फूट कुठून आले? ४२ हात म्हणजे ६३ फूट ना?

खगोल_खुळा | १२ मे, सकाळी ८.१०

अरे हो, ते सांगायचं राहिलं. वेदनेत्र म्हणजे ४२ नाही, २४. शब्दांनी आकडे लिहायची जुनी रीत आहे : चंद्र १, नेत्र २, अग्नी ३, वेद ४, बाण ५, ऋतू ६, मुनी ७, वसू ८. पण वाचायचे उजवीकडून डावीकडे. 'अङ्कानां वामतो गतिः'. पहिला शब्द एकक, दुसरा दशक. वेद एकक, नेत्र दशक, म्हणून चोवीस. हात दीड फुटाचा, ३६ फूट. ज्योतिषाची चार पानं वाचलेला कोणीही असंच लिहिणार.

पूर्णाकाठचा | १२ मे, सकाळी ९.३०

बाप रे. पणजोबा पंचांग वाचत हे खरं आहे, गावातली लग्नं तेच काढून देत. टेप लावून आलो. ३६ फुटांवर आमच्याच गोठ्याची भिंत येते, मधे काहीच नाही. मोठेबाबा म्हणतात भिंत पाडू.

रिद्धपूरकर | १२ मे, दुपारी १.४५

भिंत पाडू नका, आधी हे ऐका. मी मोर्शी तालुक्यातला, महानुभावांच्या रिद्धपूरचा. आमच्याकडं जुन्या पोथ्या सकळ लिपीत असत. परक्याला वाचता येऊ नये म्हणून अक्षरंच बदललेली : एका अक्षराच्या जागी दुसरं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार राजवाड्यांनी ती उलगडली तेव्हा कुठं बाहेरच्यांना आत काय आहे ते कळलं. लपवायचंच असतं तर माणूस असं लपवतो. अंकपल्लवी आहे, वर्गाचा आकडा, त्यातल्या अक्षराचा आकडा, मात्रेचा आकडा. शाळेत असताना आम्ही त्यात चिठ्ठ्या लिहीत होतो.

तुमच्या पणजोबांनी यातलं काही केलं नाही. अक्षरं साधी, भाषा साधी. एकच आकडा जरा पंडिती. म्हणजे त्यांना वाचणाऱ्यापासून काही चोरायचं नव्हतं. ज्याच्यासाठी लिहिलं त्याला हे शब्द ओळखीचे होते, आपल्याला नाहीत इतकंच.

आजन्म_विद्यार्थी | १२ मे, दुपारी ३.१०

रिद्धपूरकरांना जोरदार अनुमोदन. अमेरिकेतला फॉरेस्ट फेन आठवला. सँटा फेचा पुराणवस्तूंचा व्यापारी. २०१० साली त्यानं रॉकी पर्वतात काशाची पेटी लपवली आणि ठिकाण २४ ओळींच्या कवितेत सांगितलं. कवितेत नऊ खुणा आहेत असं तो म्हणे. हजारो लोक दहा वर्षं शोधत राहिले. पाच जण नद्यांत, डोंगरात जिवाला मुकले. पेटी सापडली २०२० च्या जूनमध्ये, वायोमिंगमध्ये.

मला त्यातल्या दोन गोष्टी कामाच्या वाटतात. एक, पहिली खूण लागली नाही तर बाकीच्या आठ बिनकामाच्या, हे फेन स्वतः परत परत सांगे. लोक मात्र शेवटच्या ओळीवरून मागे मागे येत. आपल्याला आवडलेल्या जागेला कविता चिकटवायची आणि मग "बघा, सगळं जुळतंय!" दुसरी, ज्याला पेटी मिळाली त्यानं कवितेपेक्षा फेन या माणसाला वाचलं होतं, त्याच्या मुलाखती, त्याचं बोलणं.

आपली पहिली खूण मारोती आहे. तो तरी नक्की कुठं आहे? देऊळ जुनं आहे का?

गुप्तधन_गुरू_९९ | १२ मे, दुपारी ४.००

(हा प्रतिसाद संपादक मंडळाने काढला आहे. यंत्र, पूजा, 'उतारा' यांची जाहिरात इथे चालणार नाही.)

बोरू | १२ मे, दुपारी ४.२०

संपादकांचे आभार. आणि पूर्णाकाठचा, तुमच्याकडं आलेल्या त्या मोटरसायकलवाल्यांबद्दल : पोलीस पाटलाच्या कानावर घाला. गुप्तधन काढून देतो म्हणून अघोरी प्रकार करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. पायाळूच्या नावानं घरातलं लेकरू मागतात, तिथं गंमत संपते.

दुसरा कायदा १८७८ चा, निखात निधीचा. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. (हो, दहा रुपये. १८७८ चे.) कोणी मालक ठरला नाही तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक चतुर्थांश. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. मोठेबाबांना हे वाचून दाखवा.

पूर्णाकाठचा | १२ मे, रात्री ८.५०

वाचून दाखवलं. म्हणाले, "तीन चतुर्थांश आपले, एक चतुर्थांशही आपलाच. मंग कळवाले काय झालं?"

नवरगावची_सून | १२ मे, रात्री ९.२५

मला एक कळत नाही. 'पांढरीचे पोटी' म्हणजे काय धरताय तुम्ही? कोणी चांदी म्हणेल, कोणी पांढरी गाय म्हणेल. माझे सासरे अजून "पांढरीत जाऊन येतो" म्हणतात म्हणजे गावात जाऊन येतो. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. जुन्या वस्तीची माती राखेसारखी पांढरी असते ना, म्हणून. तर सांगणारा एवढंच सांगतोय की शेतात नाही, गावठाणाच्या जमिनीत.

कोलंबस_अकोल्याचा | १२ मे, रात्री ९.४०

मग 'पिवळी' सोनंच! पांढरी गावठाण, पिवळी सोनं. चार पेट्या. तुराटी म्हणजे तुरटी, तुरटीनं सील केलं.

खगोल_खुळा | १२ मे, रात्री ९.४४

तुरटीनं सील! पावसाळ्यात विरघळून जाईल ना भाऊ.

नवरगावची_सून | १२ मे, रात्री ९.४९

तुराटी म्हणजे तुरीची वाळलेली काडी. आमच्याकडं पऱ्हाटी अन् तुराटी, दोन्हींनी चूल पेटते. पण तोंड लिंपायला तुराटी? कुडाची भिंत लिंपतात तसं?

सावजी_रस्सा | १२ मे, रात्री १०.०३

चहा तिसऱ्यांदा ठेवला. अंदाजांचं नुसतं पेव फुटलंय इथे.

निंबाचा_पार | १२ मे, रात्री १०.३१

थांब बाप्पा. थांब. काय म्हटलं तू?

पेव.

मी सत्तरी ओलांडलेला माणूस आहे, टायपिंग हळू आहे, नातीनं बसून दिलं तेव्हा हे जमतंय. पेव फुटणं पेव फुटणं म्हणता तुम्ही पोरं, पेव पाहिलं का कोणी? आमच्या आजोबांच्या वाड्यात दोन होते. जमिनीत खणलेली कोठी. तोंड एवढं की एक माणूस जेमतेम उतरेल, आतून मात्र रांजणासारखं पोट. खणून झालं की आत काडीकचरा जाळून भिंती भाजून काढत. मग तळाला कुटार, भिंतीला कडबा, निंबाचा पाला, अन् त्यात ज्वारी. खंडीनं ज्वारी, एक खंडी म्हणजे वीस मण. वर परत कुटार, तोंडावर काड्या आडव्या टाकून फरशी, मग शेण-मातीनं लिंपून टाकायचं. वरून चालत गेलं तरी कळू नये. शेतातल्या काळ्या मातीत पेव होत नाही. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पेव पांढरीतच, उंचावर, गढीच्या आसपास.

पिवळी म्हणजे सोनं नाही हो. पिवळी ज्वारी. आमच्या लहानपणी पांढरी वेगळी मोजत, पिवळी वेगळी. चौघी बहिणी म्हणजे चार पेव एका ओळीत.

मी सात-आठ वर्षांचा असताना मला उतरवत, कारण मी बारीक. कमरेला दोर. पण आधी कंदील जाई. कंदील विझला की त्या दिवशी काम बंद, तोंड उघडं ठेवून सगळे घरी. आजोबा म्हणत, "खाली नाग आहे, उसासे टाकते." मी घाबरून कितीदा रडलो. नाग मला कधी दिसला नाही. वास मात्र आजही नाकात आहे, आंबलेल्या ताकाचा अन् धुराचा. भिंतीकडची ज्वारी काळी पडलेली, तिचे गोळे झालेले, मधली चांगली. पेवाची भाकर थोडी कडवटच लागे, पण खाल्ली आम्ही.

शेजारच्या गावात असाच एक सालदार कंदील न टाकता उतरला होता. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला. दोघंही गेले.

सावजी_रस्सा | १२ मे, रात्री १०.३६

काका, अंगावर काटा आला.

बोरू | १२ मे, रात्री १०.५५

साष्टांग. सगळं बसलं. १८९९-१९०० म्हणजे संवत १९५६, छप्पन्नचा दुष्काळ. पाऊस दगा देऊन गेलेला. त्या वर्षी धान्याची जागा सांगणारा कागद उघड्यावर कोण ठेवेल? पोथीच्या फळीत ठेवला.

रिद्धपूरकर | १२ मे, रात्री ११.०२

का लपवलं म्हणता? मला तर ही घरातल्या पोरांना पाठ करायला दिलेली ओवी वाटते. कर्ता माणूस मेला तर बाकीच्यांना पेव कुठं ते माहीत असावं आणि उतरताना कोणी मरू नये. शेवटची ओळ पाहा ना : दिवा विझे तो फिरावे. खजिना लपवणारा कशाला अशी काळजी करेल?

बोरू | १२ मे, रात्री ११.०९

मग आकडा वेदनेत्र कशाला? चोवीस म्हणाला असता.

रिद्धपूरकर | १२ मे, रात्री ११.१३

चोवीस यमकात बसत नसेल! (इथं मी थोडा अडलो हे कबूल.)

इटा_दगड | १३ मे, सकाळी ६.५०

मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून शिस्तीनं लिहितो, राग मानू नका. बंद पेवात धान्य श्वास घेतं. ऑक्सिजन संपत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो आणि तोंड उघडलं तरी सहजी वर येत नाही. रंग नाही. माणूस उतरतो, चक्कर येते, बसतो आणि उठत नाही. दुसरा "काय झालं" म्हणून उतरतो. काकांनी सांगितलेले दोघं भाऊ म्हणजे नेमकं हेच.

कंदील हा जुना आणि बरा उपाय आहे, पण पुरेसा नाही. कंदील जळत राहील इतका ऑक्सिजन असला तरी दुसरे वायू असू शकतात. तोंड उघडून किमान एक रात्र सोडा, पंखा लावून आत हवा ढकला, आणि शक्यतो कोणी उतरूच नका. मोबाईल काठीला बांधून व्हिडिओ काढा. तेवढ्यानं भागतं.

आणि 'सावली पाई येता' : खगोलवाल्यांनी शून्य सावली छान सांगितली, पण मला वाटतं साधं आहे. माध्यान्हीला उघडावं, म्हणजे ऊन तोंडातून थेट तळापर्यंत पडतं. सकाळी-संध्याकाळी आत अंधार.

खगोल_खुळा | १३ मे, सकाळी ७.३०

मान्य नाही, पण वाद नाही. 'उगवते' वर मी ठाम आहे.

पूर्णाकाठचा | १३ मे, दुपारी १२.१५

आजीला (वडिलांची आई) विचारलं. वय नव्वदीच्या घरात, कान गेले आहेत पण डोकं शाबूत. 'पेव' म्हटल्याबरोबर म्हणाली, "हो ना. गोठ्यात म्हशी फिरल्या की ढबढब वाजे. तुया आजा म्हणे, तिथं खुंटा नोको ठोकू." आणि आम्ही इतके दिवस तिला विचारलंच नाही. मोडी वाचणारा अमरावतीला शोधत बसलो.

आजन्म_विद्यार्थी, तुमचा प्रश्न बरोबर निघाला. मी नव्या देवळामागून मोजत होतो. आजी म्हणते मारोती आधी पारावर होता, पिंपळाखाली, तोंड दक्षिणेला. जीर्णोद्धार झाला तेव्हा नवं देऊळ पूर्वाभिमुख बांधलं आणि मूर्ती हलवली. पाराचा एक दगड अजून आहे, त्यावर आता पाण्याची टाकी. (कोलंबस, तुमची टाकी सापडली.)

आजन्म_विद्यार्थी | १३ मे, दुपारी १२.३०

मग जुन्या मारोतीची पाठ उत्तरेला. तिथून मोजा.

पूर्णाकाठचा | १५ मे, रात्री १०.२०

दोन दिवस नेट नव्हतं, वादळात खांब पडला. सांगतो.

आधी तहसील कार्यालयात अर्ज देऊन आलो. समोरच्या साहेबांनी 'पेव' शब्दावर दोनदा वर पाहिलं, मग पोच दिली. पोलीस पाटील आणि ग्रामसेवक हजर राहतील असं ठरलं.

पाराच्या दगडामागून दोरी धरली. हाताचा वाद झालाच. माझा कोपर ते मधलं बोट १९ इंच भरलं, मोठेबाबांचं १८. चोवीस हातांत दोन फुटांचा फरक. दोरी गोठ्याच्या आत, गव्हाणीच्या अलीकडे पडली. पहार आपटत गेलो. एका जागी आवाज बदलला. ठक ठक चालू होतं ते एकदम ढब झालं. दोरीपासून हातभर उत्तरेला.

खगोल_खुळा | १५ मे, रात्री १०.२३

उत्तरेला!!

सावजी_रस्सा | १५ मे, रात्री १०.२४

हातभर. पंधरा फूट म्हणाला होता तुम्ही.

पूर्णाकाठचा | १५ मे, रात्री १०.४०

भांडू नका, पुढे ऐका. फूटभर शेणामातीचा थर काढला. खाली फरशी, फरशीखाली काड्या. हात लावला तर भुगा झाला, पण काडीचा आकार कळत होता. तुराटीच. फरशी सरकवली तेव्हा आत काहीच दिसलं नाही, नुसता काळोख आणि निंबाचा_पार काका म्हणाले तो वास. तसाच. आंबूस आणि धुराचा. मोठेबाबा दोन पावलं मागे सरले.

कंदील सोडला. पुरुषभर खाली गेला आणि वात आधी निळी झाली, मग आखडली, मग गेली. कोणी फुंकल्यासारखी नाही, हळूच. सगळे गप्प. आजी बाजेवर बसून होती, ती म्हणाली, "चला घरी."

रात्रभर उघडं ठेवलं, वर काटेरी फांद्या टाकल्या म्हणजे कुत्रं पडू नये. इटा_दगड सर, सकाळी शेजारच्याचा कूलर आणून हवा ढकलली. दुपारी साडेबाराला परत कंदील. तळाला टेकला, जळत राहिला. ऊन आत एक गोल ठिपका होऊन पडलं होतं. कोणी उतरलं नाही, बांबूला मोबाईल बांधला. भिंती भाजलेल्या, विटेसारख्या लाल. तळाला काळा थर, कोळशासारखा. एका बाजूला फुटलेल्या मडक्याचं बूड. सोनं नाही, नाणं नाही, नाग नाही.

लोखंडी डबा दोरानं सोडून थोडं वर काढलं. राखेसारखं, पण बोटात चुरलं की टरफलं लागतात. आजीनं चिमूट घेतली, नाकाशी नेली आणि पदरात बांधली. का ते विचारलं नाही.

मोठेबाबा संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "चौघी म्हणते ना. तीन राह्यल्या."

निंबाचा_पार | १६ मे, सकाळी ५.५०

नातीनं वाचून दाखवलं. फोटो असेल तर टाका. भिंती भाजलेल्या आहेत म्हणता, आमच्याकडच्या आता कुठं उरल्या, वरून रस्ता गेला.

नवरगावची_सून | १६ मे, सकाळी ८.१५

चार एका ओळीत असतील तर अंतर सारखं असेल ना? पहिलं मारोतीपासून ३६ फुटांवर. दुसऱ्याचा माग काढता येईल.

पूर्णाकाठचा | १६ मे, सकाळी ९.०५

काढला. म्हणजे काढावा लागला नाही. सकाळी शेजारचे काका कुंपणावरून बोलत होते. "तू मले हसत होता. माह्या शोषखड्ड्याची गंमत सांगू का? खणताना तिसऱ्या फुटाले मजुराची पहार हातातून सुटून खाली गेली, पोकळीच लागली. आम्हाले वाटलं उंदराचं बीळ असन. तसंच बांधून टाकलं. आता पाच-सहा वर्षं झाली, सारं घर वापरते, पण तो खड्डा काही भरत नाही."

टेप नेला. नव्या नाही, जुन्या मारोतीपासून. ६३ फूट. माझे पहिले बेचाळीस हात.

बोरू | १६ मे, सकाळी ९.१२

आता खगोलवाल्यांना विचारा, अंकानां वामतो गतिः की दक्षिणतो.

सावजी_रस्सा | १६ मे, सकाळी ९.१४

काकांना म्हणावं, त्यात कंदील सोडून पाहू नका. तिथला गॅस वेगळा.